परुळेकर बाईंची भीती

परुळेकर बाई प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि पालीला घाबरायच्या. प्रयोगशाळेत ट्यूबलाइटच्या मागून पालीचं शेपूट दिसलं की बाई हातातला खडू ठेवून सरळ व्हरांड्यात. शिपाई येऊन पाल हाकलेपर्यंत तास बंद. मुलं हसायची. बाई दारातूनच म्हणायच्या, "हसा, हसा. तिला बघून मी पळते, मला बघून ती पळते. म्हणून दोघी अजून जिवंत आहोत."

त्या एकट्या पालीलाच घाबरत होत्या असं नाही. लिफ्टला घाबरायच्या, कुकरच्या शिट्टीला घाबरायच्या, रस्ता ओलांडताना माझं मनगट असं धरायच्या की बोटांचे वळ उठायचे. आम्ही एकाच ज्युनिअर कॉलेजात होतो, मी मराठी शिकवायचे, आणि राहायलाही एकाच इमारतीत. मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी, गल्लीतली शेवटची सोसायटी. बाई चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नको म्हणून जिन्याने जायच्या आणि प्रत्येक वळणावर आधी थांबून जरा खोकायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "वळणापलीकडे कोण आहे ते कळल्याशिवाय वळू नये. आणि आपण येतोय हे त्यालाही कळू द्यावं."

बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट आणि बाराही महिने हातात छत्री. मूळच्या मालवणकडच्या. एरवी शुद्ध मराठी, पण घाबरल्या की मालवणी यायचं. त्यामुळे दिवसभरात मालवणी बरंच ऐकू यायचं.

आणि हीच बाई रोज सकाळी आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे एकटी जायची. भिंतीच्या एका कोपऱ्यातले दगड ढासळले होते, तिथून पलीकडे उतरता यायचं. पलीकडे पडीक उतार, करवंदीच्या जाळ्या, गवत, आणि वर जंगलाची हद्द सुरू. त्या उतारावर बाईंनी दोन चौकोन आखले होते. एकाला चारी बाजूंनी तारेची जाळी, दुसरा उघडा. शेजारच्या वस्तीतल्या शेळ्या उघड्या चौकोनात चरायच्या, जाळीतल्यात त्यांना शिरता यायचं नाही.

एकदा पावसाळा सरताना त्यांनी मला तिथे नेलं. "सांग, कुठल्या चौकोनात जास्त प्रकारची झाडं असतील?"

"जाळीतल्या," मी म्हटलं. "तिथे कोणी खायलाच नाही ना."

"बघ मग."

जाळीत कमरेएवढं गवत माजलं होतं. एकाच जातीचं, दाट. खाली वाकून बघितलं तर जमिनीवर ऊनसुद्धा पोचत नव्हतं. उघड्या चौकोनात मात्र शेळ्यांनी इथे तिथे तोंड मारलेलं, आणि मधल्या मोकळ्या जागांत तेरडा, भुईआवळी, एक निळं बारीक फूल, ज्याचं नाव बाईंनी सांगितलं आणि मी विसरले. बोटभर जागेत चार चार प्रकार.

"पहिली दोन वर्षं जाळीवालाच पुढे होता," बाई म्हणाल्या. "मी खूश. मग हे गवत मोठं झालं आणि त्याने बाकीच्यांना गिळलं. कोणी कोणाला खाल्लं नाही, नुसती सावली धरली. झालं."

"म्हणजे खाणारे हवेत."

"हवेत. पण..." त्यांनी छत्रीने वरचा डोंगर दाखवला. "या शेळ्या दुपारनंतर इथे का नसतात, ठाऊक आहे? पोटं भरतात म्हणून नाही. शेळीवाला वरच्या बिबट्याला घाबरतो. घाईघाईत चारतो आणि ऊन कलायच्या आत हाकलून नेतो. त्या घाईमुळे ही फुलं वाचलीत."

वर्गातही त्यांचा हाच हेका असायचा. "जंगलात कोण कोणाला खातं हे सगळेच विचारतात," त्या म्हणायच्या. "कोण कोणाला घाबरून कुठे जात नाही, ते बघा. अर्धं जंगल त्यावर उभं आहे." मुलं ते लिहून घ्यायची. परीक्षेत कधी आलं नाही.

बाईंचे यजमान लवकर गेले होते. एकुलती मुलगी स्वाती ऐरोलीला, बँकेत नोकरी. तिची मुलगी ओवी दिवसभर आजीकडे असायची आणि संध्याकाळी स्वाती तिला न्यायला यायची. ओवी पाच वर्षांची, आजीसारखीच बुटकी, पण भीती कशाशी खातात ते माहीत नसलेली. बाई तिला गोष्टी सांगायच्या त्याही उतारावरच्या. ससा कान का हलवतो, हरीण का थबकतं, टिटवी अंडी उघड्या जमिनीवर घालते तरी ती दिसत का नाहीत.

त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला आमच्या सोसायटीत बिबट्या आला.

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ पडला. पार्किंगच्या कॅमेऱ्यात दोन गाड्यांमधून तो चालत आला, मुलांच्या घसरगुंडीपाशी बसला, मांजरासारखा पंजा चाटला आणि चौकटीबाहेर गेला. आमच्या गेटपाशी झोपणारा कालू कुत्रा त्या दिवसापासून दिसला नाही. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेल. दर वेळी त्याचं चालणंच बघायचे. त्याला कसलीच घाई नव्हती. हे त्याचंच अंगण असावं तसा तो चालत होता.

मग आमचं सगळ्यांचं जिणंच बदललं. क्लासला जाणारी मुलं आईबापांबरोबर जाऊ लागली. कचरा टाकायला माणसं दोघं दोघं उतरू लागली. माझी स्वयंपाकघराची खिडकी उताराकडे उघडायची, ती मी बंद केली. दुसऱ्या मजल्यावर बिबट्या येणार नाही हे कळत होतं. तरी दोरीवरचा टॉवेल हलला की हातातली पळी थांबायची.

पार्किंगमध्ये मीटिंग झाली. सेक्रेटरी ठक्करभाई म्हणाले, "उतारावर फ्लडलाइट लावू. रोज संध्याकाळी सुतळी बॉम्ब. एकदा पळाला की परत येणार नाही." सगळ्यांनी माना हलवल्या.

बाई उठल्या. छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरली होती. "मी तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त घाबरते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीत आहे. पण तो आपल्यासाठी आलेला नाही. गेटबाहेर उघडा कचरा, कचऱ्याला कुत्री, कुत्र्यांना तो. कचरा झाका. दिवेलागणीच्या आत मुलं वर घ्या. भिंत बांधून घ्या. उतारावर बॉम्ब नका फोडू. तो आहे म्हणून तिथे बाकीचं सगळं आहे."

"बाकीचं म्हणजे काय, मॅडम? गवत?"

"गवत, ससे, टिटव्या. सगळं."

"मॅडम, तुमचं शास्त्र एकदम बरोबर," ठक्करभाई म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते. "पण एखाद दिवशी पोर उचललं तर? तुमची ओवीपण खालीच खेळते ना?"

बाईंनी घसरगुंडीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तर मी कोणाला तोंड दाखवू शकणार नाही." आणि खाली बसल्या.

त्यांच्या त्या उत्तरामुळे असेल, बॉम्बचं लांबलं. कचऱ्याला झाकणाचे डबे आले. भिंतीचं काम मात्र कोटेशनवर अडलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका शनिवारी, दिवेलागणीला बाईंनी माझ्या दारावर थापा मारल्या. बेल होती, तरी थापा. दार उघडलं तर पायात चपला नव्हत्या.

"ओवी तुझ्याकडे आहे ना?"

नव्हती. ती खाली खेळत होती. बाई तिला आणायला उतरल्या तेव्हा बाकीची मुलं घरी गेली होती आणि ओवी नव्हती.

पुढचा अर्धा तास मला तुकड्यातुकड्यांत आठवतो. जिन्यात एकमेकांना धडकणारी माणसं. गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडून बघणारे ठक्करभाई. "ओवी, ओवी" अशा हाका, आधी साध्या, मग फाटलेल्या. गाड्यांखाली मोबाइलचे टॉर्च. स्वातीचा वाजणारा फोन, ती ऐरोलीहून निघाली असणार. तिला काय सांगायचं ते कळेना म्हणून मी फोन उचललाच नाही.

बाई या गडबडीत नव्हत्या. त्या मागच्या भिंतीपाशी, दगड ढासळले होते तिथे उभ्या होत्या. मी धावत गेले. त्यांनी हात वर केला. "थांब. ऐकू दे."

वर, करवंदीच्या जाळ्यांच्या पलीकडे, एक वानर ओरडत होतं. खोकल्यासारखा कोरडा आवाज, थांबून थांबून. मी तो पूर्वीही ऐकला होता, कधी लक्ष दिलं नव्हतं.

"तो आहे तिथे," बाई म्हणाल्या. "वानर एकाच जागेवरून, एकाच दिशेला ओरडतंय. म्हणजे तो चालत नाहीये. बसलाय."

"बसलाय म्हणजे बरंच ना? म्हणजे इकडे येत नाहीये."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. तशी नजर मी त्याआधी किंवा नंतर कोणाची बघितली नाही. "खाताना बसतो," त्या म्हणाल्या.

मी भिंतीला टेकले. आणि बाई, ज्या लिफ्टमध्ये पाऊल टाकत नसत, त्या अनवाणी दगडांवरून पलीकडे उतरल्या. मी हाक मारली, त्या थांबल्या नाहीत. मग मीही उतरले. धैर्य वगैरे काही नव्हतं. तिथे एकटीने थांबणं मला जास्त भयंकर वाटलं.

संधिप्रकाश होता. गवत राखाडी दिसत होतं, प्रत्येक दगड बसलेल्या जनावरासारखा. बाई पुढे, मी मागे मोबाइलचा टॉर्च धरून. बाई ओवीला हाका मारत होत्या, पण ती हाक नव्हती, रडं होतं. "माझां चेडू खंय गेलां गो. खंय गेलां गो माझां चेडू."

करवंदीच्या मोठ्या जाळीपाशी आवाज आला. खालच्या पट्टीतला, घशातला, जमिनीतून निघाल्यासारखा. तो ऐकू येण्याआधी छातीत जाणवला. मी जागच्या जागी खिळले. बाईंनी छत्री उघडली, का ते मला आजही कळलेलं नाही, आणि ती पुढे धरून जाळीकडे एक पाऊल टाकलं. मग आणखी एक.

तेवढ्यात खालून ओरडा झाला. "मिळाली. ओ बाई, मिळाली. इकडे आहे."

मला वाटलं आता बाई धावतील. त्या जाळीकडे तोंड ठेवूनच, मागे मागे, एकेक पाऊल उतरत आल्या. मलाही हाताने तसंच उतरायला लावलं. भिंत ओलांडेपर्यंत त्यांनी पाठ फिरवली नाही.

ओवी पंपाच्या खोलीमागच्या सांदीत मिळाली होती. मुलं बिबट्या-बिबट्या खेळत होती. ओवी हरीण झाली होती. खेळ मोडून बाकीची घरी गेली, ही तिथेच बसून. सगळ्यांच्या हाका तिने ऐकल्या होत्या. ठक्करभाईंनी विचारलं, "मग ओ का नाही दिलीस, बेटा?"

"हरीण हलत नाही," ओवी म्हणाली. "आजीने सांगितलंय. बिबट्या गेल्याशिवाय आवाज करायचा नाही."

बाईंनी तिला कुशीत घेतलं नाही. भिंतीला हात टेकून त्यांना उलटी झाली. पाणी दिलं, तोंड पुसलं, आणि मग त्या ठक्करभाईंना म्हणाल्या, "काय लावायचंय ते लावा. लाइट लावा, बॉम्ब लावा. मी काही बोलणार नाही."

करवंदीच्या जाळीत काय होतं ते दुसऱ्या दिवशी शेळीवाल्याकडून कळलं. त्याचं चुकलेलं करडू.

स्वाती त्याच संध्याकाळी ओवीला घेऊन गेली. जाताना आईला टाकून बोलली नाही, तेच वाईट. नुसतं म्हणाली, "आई, मी ऐरोलीत पाळणाघर बघते." बाई हो म्हणाल्या. त्यानंतर ओवी रविवारी कधीतरी यायची, तीही घरातच बसायची.

उतारावर दिवे लागले. रोज अंधार पडायच्या सुमाराला सुतळी बॉम्ब फुटायचे. बाई खिडक्या लावून, कानांवर हात घेऊन पलंगावर बसायच्या. मी सोबतीला जायचे. प्रत्येक आवाजाला त्या दचकायच्या, दर वेळी तितक्याच. एकदा मी म्हटलं, "बाई, तुम्ही सांगा ना त्यांना बंद करायला. तुमचं ऐकतील."

"काय सांगू?" त्या म्हणाल्या. "त्या अर्ध्या तासात मला तो मेलेला हवा होता, सुनीता. नुसता पळालेला नाही, मेलेला. एवढी वर्षं मुलांना शिकवलं ते सगळं कुठे गेलं कोण जाणे. मी कुठल्या तोंडाने सांगू?"

बिबट्या गेला. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला गेला म्हणे. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही खिडकी उघडली.

पुढच्या पावसाळ्यानंतर बाई मला पुन्हा चौकोन बघायला घेऊन गेल्या. शेळीवाल्याची भीती गेली होती. शेळ्या आता काळोख पडेपर्यंत उतारावर असायच्या, घाई कसली नाही. उघड्या चौकोनात तेरडा नव्हता, ती निळी फुलं नव्हती. शेळ्या तोंड लावत नाहीत असा तरोटा तेवढा उरला होता, आणि कडेने घाणेरीची झुडपं आत सरकत होती. जाळीतल्या चौकोनात एकच गवत, उघड्यात एकच तरोटा. बाई दोन्हींच्या मध्ये उभ्या राहून आळीपाळीने बघत होत्या.

"खाणारे नसले तरी हे होतं आणि खाणारे निर्धास्त झाले तरी हेच होतं," त्या म्हणाल्या. "घाबरत खाणारे हवेत गो."

कुत्रीही वर चढली होती. गल्ल्यागल्ल्यांतून येऊन त्यांची टोळी झाली होती, पिल्लं झाली होती. टिटव्यांनी अंडी घातली तीही त्यांनी खाल्ली. टिटवीची जोडी काही दिवस ओरडत घिरट्या घालत राहिली, मग दिसेनाशी झाली. ससा तर वर्षभरात दिसलाच नव्हता. उतार हिरवा होता. लांबून बघणाऱ्याला काही बिघडलंय असं वाटलं नसतं. मला मात्र तिथे उभं राहून भीती वाटली, बिबट्याच्या भीतीपेक्षा वेगळी. एवढं सगळं जाऊनही खाली कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

दिवाळीनंतर पार्सल घेऊन आलेल्या एका माणसाला त्या टोळीने गेटपाशी घेरलं. पोटरीचा लचका तोडला. वॉचमनने काठी घेऊन सोडवलं म्हणून वाचला. पुन्हा पार्किंगमध्ये मीटिंग. या वेळी बाई बसूनच बोलल्या.

"गेल्या वर्षी मीच म्हटलं होतं, लावा. ते बरोबर नव्हतं. मी घाबरले होते म्हणून म्हटलं."

"आणि आता घाबरत नाही?" कोणीतरी विचारलं.

"आताही घाबरते. बॉम्ब बंद केले तर तो परत येईल. नाहीतर दुसरा येईल. मी रोज घाबरेन, तुम्हीही घाबराल. पण भिंत बांधून, मुलं वेळेत वर घेऊन घाबरू या. इतकंच सांगते. नसेल पटत तर सोडा."

लोक कुरकुरले. एक जण उठून गेला. पण ठक्करभाईंनी भिंतीचं कोटेशन पास केलं. भिंतीला लोखंडी दार आलं, किल्ली वॉचमनकडे. दिवे उतारावरून काढून आवारात लावले, आणि बॉम्ब फोडणाऱ्या मुलाला दुसरी नोकरी लागल्यावर तेही थांबलं.

सगळं पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. टिटव्या मी तिथे राहत असेपर्यंत तरी परतल्या नाहीत. पण शेळ्या पुन्हा लवकर उतरू लागल्या. का, ते कोणी बोललं नाही.

बाई गेल्या त्या पुढच्याच उन्हाळ्यात. दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत. मला आठवतात त्या त्याआधीच्या एका रविवारच्या.

स्वाती ओवीला घेऊन आली होती. काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण उन्हं उतरायच्या वेळेला मी आवारात उभी असताना बाई आणि ओवी लोखंडी दाराबाहेर, उतारावर दिसल्या. स्वाती दारात उभी होती, दाराच्या गजाला धरून. दोघी उघड्या चौकोनापाशी वाकून काहीतरी बघत होत्या.

वर वानर ओरडलं. तोच कोरडा, खोकल्यासारखा आवाज. स्वातीने "आई" म्हणून हाक मारली, अगदी हळू. ओवी उठून दाराकडे पळणार होती. बाईंनी तिचं मनगट धरलं, रस्ता ओलांडताना माझं धरायच्या तसं.

"ऐकलंस?"

ओवीने मान हलवली.

"भीती वाटली?"

"हो."

"मलापण. बघ, माझा हात कसा थरथरतोय. पळायचं नाही. आणि गप्पही बसायचं नाही. मोठ्याने बोलत, हळूहळू जायचं. बोल काहीतरी."

ओवीला काही सुचेना. मग ती शाळेतले पाढे म्हणायला लागली, रडक्या आवाजात, मोठ्याने. बाई तिच्याबरोबर म्हणू लागल्या. तशा त्या उतारावरून खाली आल्या, डोंगराकडे अर्धं तोंड ठेवून, एकेक पाऊल टाकत. माझ्याजवळून गेल्या तेव्हा बाईंचे ओठ पांढरे पडले होते. मी दिसले नाही त्यांना. स्वातीने दार लावलं, तरी दोघी पाढे म्हणतच होत्या.